मागचं पान कोरं होतं

प्रिय नाना,

इकडील सर्व क्षेम असं लिहिण्याची आपली रीत. या वेळी ती मोडतो. काल परळला जाऊन आपल्या चाळीतल्या खोलीच्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटची चावी घेतली. सही माझी, नाव माझं, फोटोही माझाच. ही बातमी आधी तुम्हाला सांगायला हवी होती. तुम्हाला जाऊन चार वर्षं झाली, तरी सांगायचं ते तुम्हालाच आहे.

एकोणिसावा मजला आहे, नाना. खिडकीतून जुनी चाळ दिसत नाही, कारण आपण तिच्याच जागेवर उभे असतो. तुमच्या गिरणीच्या जागी काचेची इमारत आहे.

मला पहिली आठवते ती भिंत. खोलीच्या तिन्ही बाजूंना ट्रंका, एकीवर एक, आणि प्रत्येकीवर खडूनं नंबर. आपल्या निरगुडसर गावच्या बावीस माणसांच्या बावीस ट्रंका. दिवसपाळीवाला उठला की त्याच वळकटीवर रात्रपाळीवाला आडवा व्हायचा. कुणी गिरणीतून सुटून गावी परतला की त्याची जागा त्याच्या मुलाला नाही, वहीत ज्याचा नंबर असेल त्याला. ती वही तुमच्याकडे असायची. मी कॉलेजात असताना विचारलं होतं, "नाना, ही खोली नक्की कुणाची?" तुम्ही विडी विझवून म्हणालात, "ज्याची ट्रंक हाय त्याची. ट्रंक उचलली, संपलं."

मालकी हक्कावर मी नंतर पुष्कळ वाचलं. याहून स्वच्छ व्याख्या सापडली नाही.

आणि गावातून पेशंट आला की खोली पेशंटची. धोंडीबा मेंढक्याची बायको, आपली सखूबाई, गाठीच्या उपचाराला परळच्या दवाखान्यात यायची, तेव्हा सगळे गडी आठवडाभर गॅलरीत झोपायचे. कुणी कुरकुरला तर तुम्ही एवढंच म्हणायचात, "उद्या तुझी बायको येईल."

मी सभांमधून मुंबईच्या घरांचा इतिहास सांगत हिंडलो. सरकारनं भाडी गोठवली, भाडेकरू वाचला, पण मालकानं डागडुजी सोडली. मग दुरुस्तीसाठी कर आला आणि चाळींना लाकडी टेकू आले. टेकूही कुजले, तेव्हा बिल्डरला जादा मजले द्यायचे आणि त्या बदल्यात जुन्या भाडेकरूला फुकट घर, अशी योजना आली. दर वेळी कायदा गरिबाच्या बाजूनं बोलत आला आणि दर वेळी त्यानं एकच प्रश्न विचारला: पावतीवर नाव कुणाचं? एक दार, एक नाव, एक कुटुंब. बावीस ट्रंकांचं कुटुंब कुठल्याच धोरणात बसलं नाही. या वाक्यावर टाळ्या पडतात, नाना. आपल्या खोलीचा फॉर्म कुणी भरला, हे मात्र मी कधी सांगितलं नाही.

चाळीच्या पुनर्विकासासाठी सर्व्हेचा साहेब आला तो दिवस तुम्हाला आठवत असेल. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले होते, डोळ्यावर हिरवी पट्टी होती, वाचता येत नव्हतं.

"कुटुंबात माणसं किती, आजोबा?"

"बावीस."

"बाप रे. त्यात बायका किती?"

"एक बी न्हाई."

साहेब हसला, गॅलरीतले गडीही हसले. मग तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "शिकलेले दिसता. असं लिहिलंत तर खोली अपात्र होईल. रक्ताचं कोण आहे तेवढंच लिहा."

एका ट्रंकेवर कागद ठेवून मी लिहिलं. राहणारे: एक. वारस: पुतण्या, म्हणजे मी. काकू कधीच गेली होती, तुम्हाला मूलबाळ नव्हतं, तेव्हा कागद खोटा नव्हता. तुम्ही सही करायला पेन धरलंत आणि विचारलंत, "बाकीच्यांची नावं कुठं लिवलीस, दत्तू?"

मी म्हणालो, "मागच्या पानावर."

मागचं पान कोरं होतं.

बावीस नावं लिहिली असती तर खोली गेली असती, हे आजही मला मान्य आहे. पण तुम्हाला खरं सांगायला मला कुणी अडवलं होतं? तुम्ही विचार करून सही केली असती, किंवा कागद फाडला असता. तो निवाडा तुमचा होता. तो मी घेतला, आणि पुढं वीसेक वर्षं दुसऱ्यांच्या हक्कांवर बोलत राहिलो.

एक तक्रार तुमच्याबद्दलही आहे. तुम्ही दुसऱ्या कुणाकडून तो कागद वाचून का घेतला नाही? पट्टी निघाल्यावर तरी? गावातला पोरगा शिकला की त्याच्या शब्दावर बोट ठेवायचं नाही, ही आपल्याकडची सवय. ती मला फार सोयीची पडली.

चाळ पाडली तेव्हा ट्रंका गावी आल्या. मधल्या काळात सखूबाई तपासणीला गेली, तेव्हा दवाखान्यासमोरच्या फुटपाथवर प्लास्टिक अंथरून झोपली. मला हे काल कळलं. चावी घेऊन गावात उतरलो तर धोंडीबा डेअरीसमोर दुधाची किटली घेऊन उभा होता.

"दत्तूभाऊ, खोली मिळाली म्हनं."

"मिळाली."

"कुणाला?"

तोच पुढं म्हणाला, "न्हाई, इचारतो आपलं. हिला फुडल्या म्हैन्यात तपासायला न्यायचीय. मागं फूटपाथावर लई हाल झालं, राव. तुमी सभेत म्हन्ता घर समद्यांचं, म्हनून इचारलं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. रागाला मला उत्तर देता आलं असतं.

घरी मुलाला विचारलं, फ्लॅटचं काय करावं. तो म्हणाला, "पप्पा, भाषण वेगळं, फ्लॅट वेगळा. भाड्यानं देऊ." तिकडे सोसायटीच्या अध्यक्षांनी चावी देतानाच बजावलं होतं, "इथं फॅमिली राहतात हां, धर्मशाळा नको." म्हणजे तोच जुना प्रश्न, नाना. फक्त आता तो लिफ्टमध्ये विचारतात.

आज सकाळी तुमची ट्रंक उघडली. वही निघाली. त्या फॉर्मनंतरही तुम्ही तीन नवी नावं लिहिली आहेत, मोठ्या, वाकड्या अक्षरात, कारण डोळा नीट सुधारला नव्हता. म्हणजे मागच्या पानावर तुमचा विश्वास होता.

आता वचन देतो. सभेतलं नव्हे, वहीतलं.

फ्लॅट भाड्यानं जाणार नाही. चावी डेअरीतल्या खिळ्याला लावली आहे. जाणाऱ्यानं वहीत नाव लिहून न्यायची आणि परत तिथंच लावायची. सोसायटीशी भांडण होईल, ते मी करीन. भांडण हा तर माझा धंदाच आहे. पण आधी रविवारी मारुतीच्या पारावर उभा राहून तो फॉर्म वाचून दाखवीन. पुढचं पान वाचीन, आणि मग उलटून मागचंही दाखवीन. गावानं शिव्या दिल्या तर बसून ऐकीन.

पुढच्या महिन्यासाठी सखूबाईचं नाव वहीच्या नव्या पानावर घातलं आहे. त्या आठवड्यात तिथं दुसरं कुणी नसेल. गॅलरी नाही, त्यामुळे गड्यांची सोय अजून सुचलेली नाही.

आणि तुमच्या तीन नावांखाली एक चौथं लिहिलं, माझं. कागदावर मालक असलो तरी वहीत माझा नंबर कधी नव्हताच. आला, तर एक ट्रंक ठेवीन.

तुमचा,
दत्तू
(नंबर शेवटचा)