भाऊनी वाट

भाऊ, काल तुमच्या रस्त्याला पाटी लागली. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, पण तुमच्या नावाची पाटी लावायचं माझ्या डोक्यात कधी आलं नाही. तिच्या आलं. ती म्हणजे तुमची पुतणी, काकांची मुलगी, अजून सातपुड्याच्या पायथ्याशी आपल्या गावातच राहणारी. पिवळ्या पत्र्यावर काळ्या अक्षरांत तिने रंगवून घेतलंय, 'भाऊनी वाट'. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलेली बाई. पाटी पाहिल्याबरोबर माझा हात शिवशिवला, ते 'भाऊंची' करावं म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, आणि मनातल्या मनात व्याकरणाच्या आडून जळत राहिले.

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण हल्ली हिवाळ्यात पुण्या-नाशिकहून, इंदूरहून लोक जाड टायरांच्या सायकली मोटारींवर बांधून आपल्या गावी येतात. त्यांना डांबर नको असतं, ट्रक नको, हॉर्न नको. मुरूम हवा, चढ हवा आणि धूळ हवी. आपण गावाला डांबर कधी येतं म्हणून डोळे लावून बसलेलो, आणि हे लोक पेट्रोल जाळून मुरूम शोधत येतात. ती त्यांना घेऊन निघते. नाला ओलांडून, अंजनाच्या झाडांमधून खिंड चढायची, पलीकडे जंगलातल्या जुन्या रस्त्याने पाटाच्या कडेला उतरायचं आणि पाटाकाठाने थेट चोपड्याला, आपल्या हायस्कूलच्या मागच्या फाटकाशी. वाटेत एक ट्रक आडवा येत नाही. पन्नाशी उलटलेली ती, सलवार-कमीज आणि डोक्यावर हेल्मेट, सगळ्यांच्या पुढे असते. परत आल्यावर खळ्यात त्यांना वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाऊ घालते. ते बोटं चाटत तिचे फोटो काढतात.

ही वाट तुम्ही तिच्यासाठी शोधली होती. गावातली शाळा सातवीला संपली, हायस्कूल चोपड्याला, जिथे तुम्ही मास्तर होतात आणि आपलं घर होतं, आणि गावाबाहेरच्या डांबरी हमरस्त्यावर केळीचे ट्रक असे सुटलेले, की काकांनी सरळ सांगून टाकलं, पोरीचं शिक्षण बस झालं. तुम्ही म्हणालात, मी रस्ता काढतो. मग दर रविवारी तुम्ही चोपड्याहून सायकलवर गावाला जायचात आणि तिला घेऊन पाटाकाठ, बैलगाड्यांच्या वाटा, जंगलातले रस्ते धुंडाळायचात. उन्हाळाभर शोधून तुम्ही ट्रक न लागणारी वाट जोडून काढलीत. ती शिकली, पुढे कॉलेजात गेली, सगळं चांगलं झालं. माझी शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर. माझ्यासाठी कुणी रस्ता शोधायची गरजच पडली नाही. माझी सगळी तक्रार एवढीच आहे, आणि ती मोठ्याने म्हटली की शेंबड्या पोरीची वाटते, म्हणून मी ती आजवर कुणाला सांगितली नाही.

तो रविवार मला अजून दिसतो. आई चुलीपुढे बसलीय, तुमची भाकरी फडक्यात बांधतेय. तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी सायकल टेकवून पंप मारताय, पायजम्याला क्लिप लावलेली. मी शेजारच्या मुलींकडून उचललेल्या बोलीत, सगळा धीर गोळा करून म्हणते, "भाऊ, माले बी येनं शे." तुमचा पंप थांबतो. तुम्ही माझ्याकडे बघता, रागाने नाही, वर्गात बघता तसे, आणि म्हणता, "मलाही यायचं आहे, असं म्हण." मी म्हणते. अगदी स्वच्छ, 'ही' वर नीट जोर देऊन. तुम्ही मान डोलावता. "शाब्बास. आता बरोबर." आणि सायकल बाहेर काढून निघून जाता. आई मला म्हणते, जाऊ दे, ऊन लागेल. मी उंबऱ्यावर बसून राहते. मला वाटलं होतं, वाक्य बरोबर आलं की नेणार.

आपल्या घरात 'शे' म्हणायला बंदी होती. मास्तरांच्या घरात आहे, होतं, असेल. बाहेर सगळ्या गल्लीत शे, व्हतं, ऱ्हाई. मी उंबऱ्यात चपला काढावी तशी भाषा बदलायची. हायस्कूलला जायला तुम्ही तिला तुमची सायकल देऊन टाकलीत, तिला बसता यावं म्हणून पुढच्या दांडीला कापड गुंडाळलेली. मला दहावीला जाडजूड शब्दकोश दिलात, पहिल्या पानावर तुमच्या वळणदार अक्षरात माझं नाव. लोक म्हणाले, बघा, लेकीला केवढी मोलाची भेट. मी शब्दकोश छातीशी धरून तिच्या सायकलकडे बघत होते. शब्दकोशाचा मला उपयोग झाला, नोकरीही त्याच्याच बळावर लागली म्हणा. पण तेव्हा कुणी विचारलं असतं, तर मी बिनदिक्कत अदलाबदल केली असती.

काल पाटीजवळ पुण्याच्या एका बाईंनी मला विचारलं, "भाऊ म्हणजे तुमचे बंधू का?" मी म्हटलं, नाही, माझे वडील. त्या म्हणाल्या, "पण त्याही त्यांना भाऊच म्हणतात." त्यांना काय सांगू? तिचेही भाऊ, गावाचेही भाऊ, शाळेतल्या शिपायाचेही भाऊ. तुम्हाला हाक मारायला माझ्या एकटीचा असा शब्दच नव्हता. तेवढ्यात ती सगळ्यांना सांगायला लागली. पाहुण्यांसाठी आधी शुद्ध बोलायचा प्रयत्न केला, मग अडखळली आणि आपल्या वाटेला लागली. "खिंडजोडे ऊनूत का भाऊ उतरी पडेत. म्हनेत, चाल माय, आते पायी. बोलत बोलत चढूत." लोक हसले. म्हणजे खिंडीपाशी आलं की तुम्ही उतरायचात आणि तिच्याशी बोलत बोलत पायी चढायचात. तुम्ही असं बोलायचात? माझ्या कानांनी तुमच्या तोंडचं 'आते' कधी ऐकलं नाही. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "काय बोलायचे गं?" ती म्हणाली, "बठ्ठं. त्यास्नं ल्हानपन, नदी, बैल, बठ्ठं." सगळं. एवढा मोठा शब्द तिने किती सहज उच्चारला. माझ्या वाट्याला आले ते ऱ्हस्व आणि दीर्घ.

मग ती माझ्यासाठी एक जास्तीची सायकल घेऊन आली. "ताई, चाल. तुले सायकल येस ना?" येते. कॉलेजात असताना जळगावला भाड्याच्या सायकलवर शिकले, कुणी न शिकवता. पण मी म्हटलं, गुडघा दुखतो. ती म्हणाली, बरं, बस मग सावलीत. आणि निघून गेली. सगळी रांग अंजनाच्या झाडांत शिरली, धूळ खाली बसली, आणि मी पाटीशेजारी त्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसले. या वयात हेवा वाटावा याची लाज वाटत होती, पण म्हणून तो कमी झाला नाही.

दुपारी पाहुणे गेले. आम्ही दोघी खळ्यात जेवायला बसलो. मला राहवलं नाही, मी बोलून गेले, "तुझी मजा होती बाई. तुला भाऊ मिळाले." ती भाकरी मोडता मोडता थांबली. म्हणाली, "मजा? तुले भाऊ दर शब्दले टोकेत. माले त्यास्नी कधी टोकं नही. मी काय बी बोलू, चाली जाये. मंग माले वाटे, हाई आपली पोर नही, म्हनीसन टोकतस नही." आणि माझ्या ताटात अजून भरीत वाढलं. म्हणजे आपली पोर म्हणून तुम्ही माझी चूक काढत होतात, तेव्हा ती तिकडे, खिंडीत, तुमच्या शेजारून चालताना, माझ्यावर जळत होती. मला यावर बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण भाऊ, खरं सांगते, मला अजूनही तिचीच बाजू हवी आहे. ती खिंड हवी आहे.

रात्री जळगावला परतले, आणि आज सकाळपासून हे लिहितेय. शाळेच्या सवयीने पहिल्यापासून वाचून काढलं. एक वेलांटी चुकली होती, ती नीट केली. तुम्हाला नाव ठेवायला जागा राहिलेली नाही. पाठवायचं कुठे, हा प्रश्न आहेच, तेव्हा तुमच्या शब्दकोशातच ठेवून देईन. गुडघा अजिबात दुखत नाही. सायकल तिने माझ्यासाठी बाजूला ठेवलीय, रविवारी ये म्हणालीय, मी अजून काही कळवलेलं नाही. तिला फोनवर सांगायचं वाक्य मनात जुळवून पाहते, तर दर वेळी शुद्धच येतं. म्हणून आधी इथे लिहून बघते. या वेळी दुरुस्त करू नका.

भाऊ, माले बी येनं शे.