न झिरपणारी पेशी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझ्या गुडघ्याची आणि दाजींच्या खोकल्याची चौकशी आधीच करून ठेवतो, म्हणजे मागाहून विसरलो असं व्हायला नको. आम्ही सगळे ठीक. तुझ्या भाचीचं तोंड तेवढं परवापासून उतरलंय, आणि आपल्यात विज्ञान शिकवणारी तूच, म्हणून कारण तपशिलाने लिहितो.

शाळेच्या प्रदर्शनासाठी तिने पेशीच्या पटलाचा प्रयोग मांडला होता. उलटं नरसाळं, त्याच्या रुंद तोंडावर ताणून बांधलेला सेलोफेनचा कागद, आत साखरेचा लाल पाक, नळीवर पाकाच्या पातळीची खूण, आणि हे सगळं साध्या पाण्याच्या बरणीत उभं. (स्टँड माझा. ओळंबा लावून तपासलेला. बाकीच्या मुलांचे तिरके होते, पण तो विषय वेगळा.) शेजारी थर्माकोलची पेशी. तीत तंतुकणिका चारच होत्या. यकृताच्या एका पेशीत त्या हजाराच्या वर असतात हे मी तिच्या लक्षात आणून दिलं, तर म्हणाली, "बाबा, जागा बघा ना जरा."

परवा सकाळी साडेपाचला उठलो. बरणीकडे पाहतो तो नळीतलं पाणी खुणेच्या वर! अठ्ठावीस वर्षं मी लोकांच्या टाक्यांची गळती काढतोय. नववीत शाळा सुटली, पण पाणी कुठून शिरतं हे मला कुठल्या इंजिनियरने शिकवलेलं नाही, उलट दोघातिघांना मीच शिकवलंय. आता आपल्याच घरात, आपल्याच पोरीच्या नरसाळ्यात पाणी शिरतंय आणि आपण चहा पीत बसायचं? नरसाळं काढलं, कागद पुसून कोरडा केला, टाक्यांना लावतो त्या पारदर्शक रसायनाचे दोन हात मारले (पहिला वाळल्याशिवाय दुसरा मारायचा नसतो, लोक इथेच चुकतात), जास्तीचं पाणी पिचकारीने ओढून पातळी खुणेवर आणली आणि सगळं होतं तसं ठेवलं. ती उठली तेव्हा मी पेपर वाचत होतो.

अकराला शाळेत परीक्षक बाई आल्या. पोरीने न अडखळता सांगितलं, पाणी पटलातून आत जातं, साखर बाहेर येत नाही, म्हणून पातळी चढते. पातळी ढिम्म. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि म्हणाल्या, "बाळ, तुझी पेशी गेली वाटतं." शेजारच्या टेबलावरचा ज्वालामुखीवाला फिदीफिदी हसला. मी मागेच उभा होतो. (थेंबभरसुद्धा शिरलं नाही याचा क्षणभर अभिमानच वाटला, खोटं कशाला सांगू.)

संध्याकाळी पुस्तकातला तो धडा दोनदा वाचला. पटल म्हणजे मेदरेणूंचे दोन थर. पाणी मानवणारी डोकी बाहेर, पाण्याचं वावडं असलेल्या शेपट्या आत, आपण दोघं एका गादीवर पायाला पाय लावून झोपायचो तसं. ऑक्सिजन मधून सहज सरकतो, पाण्याला स्वतःची खास दारं, ग्लुकोजला पलीकडे पोचवणारं प्रथिन लागतं, आणि सोडियमला तर चक्क पंप आहे. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, आठही प्रहर चालू. (देखभाल कोण करतं, ते दिलेलं नाही.) सांगायचं म्हणजे, ज्या भिंतीतून काहीच झिरपत नाही तिच्या आतली पेशी उपाशी मरते. अठ्ठावीस वर्षांत हे मला एकाही गिऱ्हाइकाने सांगितलं नाही.

दाजींना नमस्कार. खोकला कोरडा की ओला, तेही लिही.

तुझा धाकटा

ता. क. रसायनाचं तिला अजून सांगितलेलं नाही. आपल्यालाच काही जमत नाही असं धरून ती विज्ञान सोडायचं म्हणतेय. तुझा शब्द तिला प्रमाण. सेलोफेन कधीकधी मुळातच खराब निघतो, एवढं तिला कळवशील का?

ता. क. दुसरा. वरची विनंती रद्द. पाकीट मागायला तिच्या खोलीत गेलो आणि सांगून टाकलं. तिने आधी पेन शोधलं. मग विचारलं, "किती चढलं होतं?" मी म्हटलं, एकतीस मिलिमीटर, पाच पस्तीसला. मोजल्याशिवाय मी गळतीला हात लावत नाही. तिने ते प्रयोगवहीत लिहिलं, खाली माझी सही घेतली आणि वही उचलून बाईंकडे निघाली. मी येऊ का विचारलं. चपला घालता घालता म्हणाली, "या. पण हात खिशात."