मालनच्या नथीचं इन्स्पेक्शन

२६ एप्रिल १९३१, रविवार
आमच्या लेकीचं, मालनचं लग्न १४ मे रोजी नक्की झालं. मुलगा देवरूखचा, महिपतरावांचा थोरला. ठराव असा : शालू आम्ही घ्यायचा, नथ त्यांनी द्यायची. निश्चय : नवरीच्या अंगावर जाणारी प्रत्येक वस्तू मी स्वतः पारखणार. बायकांना माल कळत नाही. बावीस वर्षं कस्टमच्या कचेरीत, बंदरावर लोकांची गाठोडी सोडतो आहे. मला फसवणारा अजून जन्माला यायचा आहे. हिला तसं सांगितलं. ही "बरं" म्हणाली. फार लवकर म्हणाली. लक्ष ठेवलं पाहिजे.

२८ एप्रिल
शालू घेतला. दुकानदाराने डाळिंबी सगळ्यांत वर ठेवला होता. मालनला तोच आवडला. हिलाही तोच. दुकानदारही मान डोलावू लागला. तिघांचं एकदम एकमत? मी गठ्ठ्याच्या तळातून मोरपंखी ओढून काढला. चांगला माल झाकलेला असतो, हा बंदरावरचा अनुभव. दुकानदार म्हणाला, "अण्णा, तो नका घेऊ."
लगेच घेतला.

२९ एप्रिल
मोरपंखीला घडीवर कसर लागलेली. बोट जाईल एवढं भोक. दुकानदार परत घेत नाही, म्हणतो मी नको म्हटलं होतं. बरोबर आहे. नको म्हटलं की मी घेणार, हे त्याने ओळखलं होतं. पक्का माणूस. ही म्हणाली निऱ्यांत जाईल. मालन खिडकीशी बसून रफू करत होती. तिला डाळिंबी किती आवडला होता ते मला कुणीच नीट सांगितलं नव्हतं.

२ मे
नथ आली. महिपतरावांचा धाकटा भाऊ मोटारीने घेऊन आला. सात मोती, मधे लाल खडा. ही नथ सोनूबाईंची, म्हणजे मालनच्या सासूची, स्वतःच्या लग्नातली. भाऊ म्हणाला, "आमच्याकडे नवरी हीच घालून बोहल्यावर उभी राहते." हिचे डोळे भरून आले. माझे आले नाहीत. नवी का नाही? कोणती बाई आपली नथ अशी सहज काढून देते? आणि डबी देताना तो माझ्याकडे न बघता तांब्याकडे बघत होता. (ही म्हणते, उन्हातून आला होता, तहान लागली असेल. हिची वकिली नेहमी दुसऱ्यांसाठी.)
हल्ली बाजारात काचेचे मोती फार आलेत म्हणतात.

४ मे
धाकू सोनाराकडे गेलो. त्याने नथ एकदा उजेडात धरली आणि म्हणाला, "अण्णा, खरे मोती. जपून ठेवा." एकदाच धरली! आम्ही खोबऱ्याचं पोतंसुद्धा तीन जागी टोचून बघतो. इतक्या झटपट सांगतो म्हणजे त्याला कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं आहे. देवरूखहून रत्नागिरीला निरोप यायला काय लागतं?
आता स्वतः तपासायचं.

५ मे, सकाळी ९
ही आणि मालन आमंत्रणं करायला गेल्या आहेत. विचार केला. खरा मोती समुद्रात जन्मतो. जन्मभर खारात राहिलेल्याला आंबट-खारट काय करणार? खोटा असेल तर मात्र रंग सोडेल. घरात कोकमाचं आगळ आहे, चांगलं जहाल. वाटीत ओतून नथ आत बुडवली. वाटी फडताळात, वर झाकण.

संध्या. ५
सापडले! मोत्यांचं पाणी गेलं. फिकट तांबूस झाले आहेत आणि हाताला चुन्यासारखे लागतात. खोटे! नुसते खोटे! मांडवात चारचौघांसमक्ष महिपतरावांना विचारणार. आधी धाकूचं तोंड बघायचं.

६ मे
धाकूने नथ हातात घेतली, उजेडात तीनदा फिरवून बघितली. मग म्हणाला, "अण्णा, काचेचे असते तर आगळाने त्यांचं काय होणार होतं? खरे होते म्हणून खाल्ले गेले." मी विचारलं, घासून येतील का? तो म्हणाला, "काय घासू? वरचा थरच राहिला नाही." असे सात मोती जुळवायचे तर मुंबईला माणूस पाठवा, महिना तरी जाईल.
निष्कर्ष : मोती खरे. म्हणजे तपासणी फुकट गेली असं म्हणता येणार नाही.

७ मे
हिला सांगितलं. ही चुलीपुढे होती, तिथेच खाली बसली. मालनला हिनेच सांगितलं. मी उद्या देवरूखला जाऊन महिपतरावांना सगळं स्पष्ट सांगणार. चूक कबूल करायला मी कधी भ्यालो नाही.

८ मे
मोटार भरलेली होती.

९ मे
मोटारीत जागा होती. पण ऊन फार.

११ मे
विचारांती असं वाटतं, की लग्नाच्या तोंडावर असली बातमी नेणं त्यांच्याच जिवाला त्रास. वऱ्हाड आलं की निवांत सांगेन.

१३ मे
वऱ्हाड आलं. पंगतीत महिपतराव माझ्या शेजारी. मोकळा माणूस. आंब्यांची स्तुती केली, हिच्या हातच्या आमटीची केली, माझ्या नोकरीची केली. संशय घ्यावा असं काही सापडलं नाही. फार बेचैन वाटलं. सांगितलं नाही.

१५ मे
काल लग्न लागलं.
मुहूर्ताआधी सोनूबाई नवरीला नथ घालायला आत आल्या. मालन मोरपंखी नेसून, हिरवा चुडा भरून, मुंडावळ्या बांधून पाटावर बसलेली. मी दारात अक्षतांचं ताट घेऊन उभा. सोनूबाईंनी डबी उघडली. एकेका मोत्यावरून बोट फिरवलं.
"हे काय झालं?"
मालन म्हणाली, "माझ्या हातून आगळाच्या वाटीत पडली. चुकले मी."
मी पुढे झालो. बोलणार होतो. खरंच बोलणार होतो. तेवढ्यात सोनूबाईंनी डोळे पुसले आणि मलाच म्हणाल्या, "व्याही, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. पोर अजून लहान आहे."
मी म्हणालो, "हो. लहान आहे अजून."
मालनने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मी तपासलं नाही. सोनूबाईंनी तीच नथ तिच्या नाकात घातली.

१७ मे, सकाळी १०
दोन दिवस ही बोलत नव्हती. आज बोलली. "उद्या सासरी कुणी तिला वेंधळी म्हणालं, तर ते तुमचं नाव आहे, तिचं नाही. एवढं ध्यानात ठेवा."
सोनूबाईंना सगळं खरं लिहायला बसलो. मायना लिहून झाला.

दुपारी ३
अजून मायनाच.

संध्या. ६
पुढे लेखणी चालत नाही. दुकानदाराने शाईत पाणी घातलं असावं असं वाटलं. दुसऱ्या कागदावर ओढून बघितलं.
शाई चांगली आहे.