पेंटरचं पत्र

सोमवार, ३ मार्च

गाळेमालकाने आज स्पष्टच सांगितलं — गाळा एकच, आणि ज्याचा कर्जाचा अहवाल स्वच्छ, त्यालाच. अर्ज दोन आहेत. माझा आणि पेंटरचा. मी शेठच्या दुकानात सोफ्यांची कव्हरं शिवतो, तो तिथेच कपाटं रंगवतो. दोघांनीही एकाच फायनान्स कंपनीचे हप्ते उशिरा भरले. आता सगळे फिटलेत, पण उशिराचे शेरे तसेच आहेत. विनंतीपत्र दिलं तर कंपनी कधी कधी ते पुसते म्हणे. महिनाअखेरपर्यंत मुदत.

हा गाळा मला हवाय. आणखी दहा वर्षं दुसऱ्याच्या मशीनवर वाकायचं नाही.

मंगळवार, ४

माझं पत्र पूर्ण. तीनदा उतरवलं, एकही खाडाखोड नाही. तीन हप्ते चुकले ते आईच्या आजारपणामुळे, असं लिहिलं. खरं कारण फोन. पेंटरने घेतला तसाच, त्याच रंगाचा. असलं कोण लिहितं?

गुरुवार, ६

पेंटर घरी आला. आईने त्याला पाठीशी उशी दिली, चांगला कप काढला. मला त्या कपात कधी देत नाही. त्याच्या एकेका वाक्यावर आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसते. मी या घरात चोवीस वर्षं आहे, मला नाही जमलं.

"मास्तर," म्हणाला — नववी नापास माणसाला मास्तर! — "माझंही पत्र तूच लिही. माझं अक्षर बघितलं तर कंपनी नवा दंड लावेल."

किती हप्ते चुकले, विचारलं. "दोन-तीन लिही की."

बरं म्हणालो.

शुक्रवार, ७

दोन-तीन नाही. सहा लिहिले, महिन्यांसकट. कंपनीच्या खिडकीवर आम्ही बरोबरच जायचो, त्याचे चुकलेले महिने मला तोंडपाठ. कारणही घातलं: हातात पैसे आले की उडवले. खोटं एक अक्षर नाही.

दुकानात नेऊन दिलं. त्याने हात पुसले, कागद उजेडात धरला. "काय अक्षर आहे रे," म्हणाला आणि घडी घातली. एक ओळ वाचायला त्याला जेवणाची सुट्टी लागते. वाचणार नाही.

शनिवार, ८

टाके तिरके पडले. दोन कव्हरं उसवली.

बुधवार, १९

कंपनीतल्या बाईंचा घरी फोन. आईने उचलला. त्यांनी तब्येतीची चौकशी केली.

"मला काय धाड भरलीय?" आई म्हणाली. "रोज तीन जिने चढते मी." वर त्यांनाच विचारलं, तुमचे गुडघे कसे आहेत.

मी समोरच बसलो होतो.

सोमवार, २४

माझी विनंती नामंजूर. पेंटरचे सगळे शेरे पुसले. बाई त्याला म्हणाल्या म्हणे, "इतकं सरळ पत्र आमच्याकडे येत नाही." सरळ! शब्द माझे, शाई माझी.

त्याने दुकानात सगळ्यांना चहा पाजला. मी घेतला नाही. सगळे कामाला लागल्यावर घेतला, गार झालेला.

शुक्रवार, २८

गाळ्याची किल्ली त्याला मिळाली. आई म्हणाली, "गुणी आहे हो पोरगा."

मी दार जरा जोरातच लावलं.

रविवार, ३०

पेंटर आला. आई बाहेर गेली होती. न राहवून विचारलं, पत्र वाचलं होतंस का?

"सही करायच्या आधी वाचलं. दोन दिवस लागले." मग म्हणाला, "आठ होते. तू सहाच लिहिलेस. उरलेले दोन मी खाली घातले."

त्याने कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "आता तुझं. या खेपेला मी सांगतो, तू लिही."

पहिलं वाक्य लिहिलं: माझी आई ठणठणीत आहे.