बाबांच्या फोनवर चालणारी अभ्यासिका

बाबा,
सप्रेम जय भीम.

रागात लिहितेय, आधीच सांगते. आज तुमच्या फोनचं नाव मी एका ठिकाणाहून पुसलं. ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून हे पत्र.

तुम्ही गेलात त्या दिवसापासून विहारामागच्या अभ्यासिकेतला तुमचा तो पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर नुसता पडून होता. पडदा उजळायचा, पण नेट नाही. पोलीस भरतीच्या मुलींच्या सराव परीक्षा बंद पडल्या. विहार समितीचे सचिवकाका म्हणाले, "तुह्या बाबासंग ते मशीनबी गेली, पोरी. खोली आता मंडपाच्या सामानाले लागते." रविवारपर्यंत रिकामी करायची होती.

मी म्हटलं, नाही करत.

शेवटपर्यंत तुम्ही मला त्या यंत्राला हात लावू दिला नाही. दादाला जवळ बसवायचे, मला चहा ठेवायला पाठवायचे. का हो? कळमन्याच्या बाजारात दिवसभर धान्य मोजून आल्यावर तुम्ही पन्नाशीत हे शिकलात, मग मला तिशीत जमलं नसतं?

शनिवारी मी कीबोर्ड जोडला आणि वाय-फायची सेटिंग उघडली. आधी जोडलेल्या नेटच्या यादीत एकच नाव होतं, तुमच्या फोनचं! म्हणजे इतकी वर्षं अख्खी अभ्यासिका तुमच्या खिशातल्या हॉटस्पॉटवर चालली होती. भिंतीपलीकडे विहाराचं वाय-फाय होतं. पण सचिवकाकांशी वाजलं म्हणून तुम्ही ते घेतलं नाही. तुम्ही घरी निघालात की 'आज नेट गेलं' म्हणत मुली वह्या मिटायच्या.

दादा म्हणाला, "बाबाचा फोन तिथंच चालू ठेवू वं. मशीन त्याले आपोआप धरते. बाबा बसून राहिले असंच वाटन." मला रडू आलं. मोहही झाला, खोटं कशाला सांगू? पण नाही म्हटलं. मुलींचा अभ्यास गेलेल्या माणसाच्या फोनवर का टांगून ठेवायचा?

तशीच सचिवकाकांच्या दारात जाऊन बसले. पासवर्ड घेतल्याशिवाय उठणार नाही म्हटलं. भांडायच्या तयारीनंच गेले होते. ते चष्मा पुसत म्हणाले, "तुह्या बाबानं कधी मागतलाच नाही. मागतला असता, तर मी काय नाही म्हटलं असतं?" आणि कागदावर लिहून दिला.

काय बोलू तुम्हाला, बाबा? एवढा ताठा!

नवं नाव, नवा पासवर्ड भरला, यंत्र बंद करून सुरू केलं. सराव परीक्षेचं पान उघडलं. मग तुमच्या फोनचं नाव यादीतून काढलं. खोलीची किल्ली अजून माझ्याकडेच आहे आणि ती मी मंडपाच्या सामानासाठी देणार नाही.

वचन देते, त्या यंत्राजवळ मी स्वतःची खुर्ची मांडून बसणार नाही. ही जोडणी मी आपल्या गल्लीतल्या पायलकडून तीनदा पुसून पुन्हा भरून घेतली. उद्या ती बाकीच्या मुलींना शिकवेल. बाबा, मी मरेन त्या दिवशी तिथलं नेट जाणार नाही.

तुमचं न ऐकणारी,
सुजाता