तुझी आखडलेली मान

आये, तुझ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, हा रक्ताचा कॅन्सर आहे, अंगात जंतूंशी झगडायची ताकद उरलेली नाही, ताप आला की घरी एक दिवसही काढू नका. आपण दोघींनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या होत्या. गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. ओझं उचलायचं नाही असं सांगितलेलं असताना तू माशांची पाटी डोक्यावर घेऊन तोंडवलीभर फिरलीस, आणि घरी येऊन म्हणालीस, "पाटयेन मान आखाडली गो. वाईच तेल चोळ."

मासे विकणाऱ्या बाईची मान आखडते, यात नवल ते काय? आपल्या घरात सगळ्याच बायकांच्या माना आखडायच्या आणि खोबरेल तेलाने मोकळ्या व्हायच्या. मी तेल कोमट करून बसते. तुझी हनुवटी छातीकडे वळत नाही, कपाळ भाजतंय, उजेड नको म्हणून तू पदर डोळ्यांवर ओढून घेतेस. "ताप आसा तुका," मी म्हणते. "वाईच ताप इलो म्हणान डॉक्टराक हाडतत?" तू खेकसतेस, आणि मी पुन्हा तेलात बोटं बुडवते. दोन दिवस तेल चोळत होते मी, आये. दोन दिवस! तिसऱ्या दिवशी तुला झटके आले, तेव्हा कुठे होडीतून मालवण गाठलं.

मेंदूच्या आवरणाला सूज आली होती. मणक्यात सुई घालून काढलेलं पाणी गढूळ निघालं. पेनिसिलिनने तू वाचलीस. डोळे उघडून आमच्याकडे बघत विचारलंस, "सगळी गप कित्याक आसत?" आम्ही सगळे एकदमच बोलत होतो. कान गेले ते गेलेच. चार महिन्यांनी उरलेली तूही कॅन्सरने गेलीस.

हा कागद ट्रंकेतच राहणार. तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच एक गोष्ट लिहायचा धीर होतोय. त्या चार महिन्यांत एका दुपारी तू पुन्हा पाटी उचलायला गेलीस आणि चक्कर येऊन पडलीस. मी तुला उठवून बसवलं आणि तुझ्या तोंडावर ओरडले, "मर एकदाची, म्हणजे मी सुटतलंय!" ऐकू येणार नाही हे ठाऊक होतं, म्हणूनच ओरडले. तू माझ्या ओठांकडे बघत विचारलंस, "काय म्हणतंस गो?" मी हाताने घास करून दाखवला, जेवतेस का म्हणून.

"वाढ वाईच," तू म्हणालीस.