कोरी फळी

१२ मार्च १९९८, वादी कबीर

ऑफिस, मग बाजार. संध्याकाळी यांचे मित्र कांबळेभाऊजी आले. यांनी केलेला ब्रिटिश मालगाडीचा छोटा डबा चाक चिकटवायला नेला होता, तो परत आणला.

"वहिनी, एक फळी रंगवायची राहिली होती. टाकली रंगवून. खलास!"

राहिली होती? महायुद्धात तिकडे रंगाची टंचाई, म्हणून डब्याची मोडकी फळी बदलली की नवी तशीच कोरी सोडत. जुने फोटो भिंगाखाली बघून यांनी ती फळी मुद्दाम कोरी ठेवली. हे जाऊन महिना नाही झाला, तोच यांचं काम अपुरं ठरलं? विचारायचं तरी! आणि मी काय म्हणाले? "छान झालं, भाऊजी." वर चहा दिला.

रंग पुरता वाळला नव्हता. कापसावर थिनर घेऊन फळी पुसत बसले, लाकूड दिसेपर्यंत. मग हात धुऊन एकटीपुरता भात लावला.